अंतोनिएत्ताने ते पुस्तक पुढे वाचलं असेल का? ('अ स्पेशल डे', १९७७)

निळीशाई | रविवार, रात्री ११.२०

आज आईबरोबर एत्तोरे स्कोलाचा 'अ स्पेशल डे' पाहिला. मूळ इटालियन नाव 'उना जोर्नाता पार्तिकोलारे'. सोफिया लॉरेन आणि मार्चेल्लो मास्त्रोयान्नी. माझी तिसरी खेप, आईची पहिली. आई ७४ वर्षांची आहे. सबटायटलं वाचायला चष्मा दोनदा पुसला, पण जांभई एकदाही दिली नाही.

पुढे सगळी गोष्ट फोडलेली आहे. ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

६ मे १९३८. हिटलर रोमच्या दौऱ्यावर आलाय, त्याच्यासाठी संचलन आहे आणि सगळं शहर तिकडे लोटलंय. एका अवाढव्य इमारतीतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं गणवेश चढवून जिने उतरतात. मागे राहते अंतोनिएत्ता, कारण सहा पोरांच्या घरातलं काम कोण आवरणार? समोरच्या अंगाला राहणारा गाब्रिएलेही जात नाही. आणि इमारतीची देखरेख करणारी एक बाई, जिने आपला रेडिओ अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा लावून ठेवलाय. अंतोनिएत्ताची पाळलेली मैना पिंजऱ्यातून निसटून गाब्रिएलेच्या खिडकीपाशी जाऊन बसते. तिला धरायला म्हणून ही त्याच्याकडे जाते. तिला कल्पना नाही की तिने बेल वाजवली तेव्हा त्याच्या टेबलावर पिस्तूल होतं.

गाब्रिएले रेडिओवर निवेदक होता. समलिंगी म्हणून त्याला काढून टाकलंय आणि त्याच रात्री पोलिस त्याला सार्डिनियाला नेऊन टाकणार आहेत. अंतोनिएत्ता मुसोलिनीची भक्त. त्याच्या फोटोंची चिकटवही केलीय तिने, बटणं लावून त्याची तसबीरसुद्धा केलीय.

दिवसभरात दोघांमध्ये काय घडतं ते पाहिलेल्यांना माहीत आहे. रात्री ती स्वयंपाकघरात खिडकीशी बसून त्याने दिलेलं 'थ्री मस्केटिअर्स' उघडते. दोनचार ओळी वाचून होतात तोवर समोरून दोन माणसं त्याला घेऊन जाताना दिसतात. ती पुस्तक ठेवते, एकेक दिवा मालवत आत जाते. नवऱ्याने सांगून ठेवलंय की सातवं हवं, आणि मुलगा झाला तर नाव अडोल्फो.

सिनेमा संपल्यावर मी नेहमीसारखी गप्प. आई म्हणाली, "पुढे वाचेल का गं ती ते पुस्तक?" म्हटलं, कसली वाचतेय, त्या घरात! आई म्हणाली, "मला वाटतं वाचेल," आणि दूध विरजायला गेली.

तर प्रश्न एवढाच. वाचलं असेल का?

बोरिवली_स्लो | रविवार, रात्री ११.४१

पाहिलेला नाही. तरी पूर्ण वाचलं, मागे फिरलो नाही. सवयीचा गुन्हेगार. कुठे मिळेल?

टॉर्चवाला | सोमवार, सकाळी ७.०५

उत्तम धागा. आमच्या फिल्म सोसायटीत हा दाखवला तेव्हा पहिली पाचसहा मिनिटं लोकांना वाटलं रीळ चुकलं. कारण सुरुवातीला नुसती खरी वृत्तचित्रं आहेत: हिटलरची आगगाडी, फलाट, राजा, मुसोलिनी, गर्दी. मागचा एकजण तर "मास्त्रोयान्नी कुठंय?" म्हणून मोठ्याने विचारता झाला.

मग पहाट होते. इमारतीच्या अंगणात झेंडे सोडताहेत, एकेका खिडकीत दिवा लागतोय, कॅमेरा वर वर सरकत एका खिडकीतून थेट स्वयंपाकघरात शिरतो. अंतोनिएत्ता इस्त्री करतेय. तिथून ती एकेका खोलीत जाऊन पोरांना उठवत सुटते आणि कॅमेरा तिच्या मागे मागे. कुठे कट नाही. घर केवढंसं आहे आणि त्यात किती माणसं कोंबलीत हे त्या एका फेरीत कळतं.

निळीशाई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या शेवटच्या फेरीत आहे. सकाळी ती ज्या वाटेने दिवे लावत, माणसं उठवत गेली, रात्री साधारण त्याच वाटेने दिवे मालवत जाते. वर्तुळ पुरं झालं. स्कोलाने दार बंद केलंय. नाही वाचलं.

आणि रंग! पास्क्वालिनो दे सान्तिसने चित्रणात रंग असे उडवलेत की सगळं जुन्या फोटोसारखं तपकिरी-करडं दिसतं. कृष्णधवलही नाही आणि रंगीतही नाही.

डब्बाट्रंक | सोमवार, सकाळी ९.३०

विरोधी मत नोंदवतो, अंडी मारू नका.

मला हा फॅसिझमवरचा सिनेमा म्हणून फसलेला वाटला. पावणेदोन तासांत एक माणूस साधी थप्पड खातो, तीही गच्चीवर एका बाईची. ज्या राजवटीत मातेओत्तीसारखा खासदार भर दिवसा रोममधून पळवून मारला (१९२४), कम्युनिस्ट पुढारी ग्राम्शीला वर्षानुवर्षं तुरुंगात सडवलं, तिथला सिनेमा काढायचा आणि त्यात काय, तर कॉफी, ऑम्लेट आणि वाळत घातलेल्या चादरी. दोन मोठे नट आहेत म्हणून आपण 'वा वा' करतो.

निम्मापुणेकर | सोमवार, सकाळी ९.५२

डब्बाट्रंक, अहो चादरींनाच तर तिकीट आहे! :)

सातबारा | सोमवार, दुपारी १.१५

डब्बाट्रंक यांना सविस्तर उत्तर देतो. जेवणाची सुट्टी आहे.

तुम्ही म्हणता हिंसा दिसत नाही. मला तर त्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर सरकारचा शिक्का दिसला. पोरांपासून सुरू करू. मुसोलिनीला १९२७ पासून लोकसंख्या वाढवायचा ध्यास लागला होता. चार कोटींची इटली शतकाच्या मध्यापर्यंत सहा कोटींवर न्यायची. त्यासाठी अविवाहित पुरुषांवर कर बसवला. मोठ्या कुटुंबांना बक्षिसं. १९३३ पासून २४ डिसेंबर हा माता-बालक दिन. प्रत्येक प्रांतातून जास्तीत जास्त पोरं झालेली एकेक बाई निवडून रोमला बोलवायचे, मुसोलिनीसमोर उभी करायचे.

आता गंमत बघा. १९२८ च्या कायद्यात करमाफीसाठी मुलांची अट घातली: इतरांना दहा, पण सरकारी नोकराला सात. अंतोनिएत्ताचा नवरा कुठे कामाला आहे? आफ्रिकेच्या वसाहतींचा कारभार बघणाऱ्या मंत्रालयात. आणि घरात पोरं किती? सहा. तो शेवटी बायकोला आत बोलावतो ना, त्याला तुम्ही नवरेशाही म्हणा. मला तिथे कराचा फॉर्म दिसला.

दुसरीकडे गाब्रिएले तो अविवाहितांचा कर भरणारा. तो तिला सांगतोही, की पुरुष म्हणजे नवरा, बाप आणि सैनिक असं यांनी ठरवलंय आणि मी तिन्हींपैकी काहीच नाही. ती त्याला फॅसिस्टविरोधी म्हणते तेव्हा तो म्हणतो, सहाव्या मजल्यावरचा भाडेकरू फॅसिझमच्या विरोधात नाही हो, फॅसिझमच सहाव्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या विरोधात आहे.

एवढं असताना थप्पड कशाला हवी?

डब्बाट्रंक | सोमवार, दुपारी १.४०

सातचा आकडा माहीत नव्हता. ऐटीत होतो, जरा खाली बसतो. तरी 'कंटाळवाणा' हे मत राखून ठेवतो.

तिबेरकाठची | सोमवार, सायं. ६.१०

रोमहून हजेरी. इथे येऊन नऊ वर्षं झाली आणि पहिल्याच वर्षी मी ती इमारत बघून आले. सेट नाहीये, खरी आहे. पालात्सो फेदेरिची, व्हियाले २१ एप्रिल. मारिओ दे रेंझी या वास्तुकाराची, १९३१ ते १९३७ दरम्यान बांधलेली. चारशेच्या वर घरं आहेत. रस्त्याचं नावही त्याच काळातलं वळण सांगतं: २१ एप्रिल म्हणजे रोमचा परंपरेने मानलेला वाढदिवस. फॅसिस्टांनी १ मेचा कामगार दिन बंद करून तो २१ एप्रिलवर ढकलला होता.

गेले तेव्हा आतल्या अंगणात एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते. मी मान वर करून खिडक्या मोजतेय हे बघून त्यांनी न विचारता बोट दाखवलं: "लॉरेन तिकडे, मास्त्रोयान्नी तिकडे." बहुतेक रोज दोनचार वेडे येत असावेत. एका खिडकीतून कुकरसारखी शिट्टी ऐकू आली. कॉफीचं भांडं होतं. आणि अंगणात आवाज कसा घुमतो ते तेव्हा कळलं. तिसऱ्या मजल्यावर कोणी चमचा ठेवला तरी खाली ऐकू येतो. तिथे एक रेडिओ लावला की चारशे घरांना पुरतो.

डब्बाट्रंक, तुमची हिंसा त्या रेडिओत आहे. सिनेमाभर तो थांबत नाही. त्या काळचा नामांकित निवेदक गुइदो नोतारी याचा आवाज, बँड, घोषणा. ते दोघं कॉफी पिताहेत, रेडिओ. भांडताहेत, रेडिओ. बिछान्यात आहेत, तरी रेडिओ. आणि ज्याला आपण पडद्यावर बघतोय त्याला याच रेडिओने हाकललंय. आपल्याच जुन्या कचेरीचा आवाज तो दिवसभर भिंतीतून ऐकतोय.

निम्मापुणेकर | सोमवार, सायं. ६.३३

हे रेडिओचं निरीक्षण भारी. माझा जन्म चाळीतला. भिंतीपलीकडे कोणाचं काय शिजतंय, कोणाचं कोणाशी वाजलंय, सगळं बिनतारी कळायचं. त्यामुळे ती मिशीवाली चौकीदारीण मला परकी वाटलीच नाही. "त्या सहाव्या मजल्यावरच्या माणसाशी बोलू नकोस, बरा नाही तो," हे वाक्य आमच्याकडे तळमजल्यावरच्या काकू म्हणायच्या. फक्त त्यांच्या मागे सरकार नव्हतं.

अर्धविराम | सोमवार, रात्री ८.२०

तिबेरकाठची, एक भाषेची शंका. मूळ संवादांत दोघं एकमेकांना 'व्होई' म्हणत असतात. मी जी काही मोडकी इटालियन शिकले त्यात अनोळखी माणसाला 'लेई' म्हणायला शिकवलं होतं. हे काय?

तिबेरकाठची | सोमवार, रात्री ९.०४

अर्धविराम, नेमकं हेरलंत! ते १९३८ चंच प्रकरण आहे. 'लेई' म्हणजे शब्दशः 'ती'. आदराने बोलताना समोरच्याला तृतीयपुरुषी संबोधायचं, आपलं जुनं 'सरकारांनी यावं' असतं ना, साधारण तसं. फॅसिस्ट पक्षाने ठरवलं की हे परकी, स्पॅनिश वळणाचं, लाळघोटं आहे. म्हणून त्या वर्षी कचेऱ्यांत, शाळांत, संघटनांत 'लेई' बंद, यापुढे 'व्होई'. म्हणजे आपलं 'तुम्ही'. 'लेई' नावाचं एक बायकांचं मासिक होतं. तिथे 'लेई'चा अर्थ साधा 'ती' असा होता, आदराबिदराचा संबंध नाही. तरी नाव बदलून 'अन्नाबेल्ला' केलं. नसती आफत नको.

निम्मापुणेकर | सोमवार, रात्री ९.१०

आमच्याकडे असा फतवा निघाला तर दुकानं बंद पडतील. 'आपण कोण?' याशिवाय संभाषणच सुरू होत नाही.

चहाबाज | सोमवार, रात्री ९.१८

आणि त्याशिवाय संपतही नाही.

कोथिंबीरवडी | सोमवार, रात्री १०.०२

मी सिनेमा स्वयंपाकघरातून पाहिला. म्हणजे नजर सगळी तिच्या हातांवर होती.

तिच्या सपाता बघा, पायमोज्याला गेलेली धाव बघा. पाहुणा आला म्हणून ती घाईघाईने केसांची एक बट कपाळावर काढते आणि तो कॉफीचे दाणे दळत बसतो. त्या कॉफीचं मोल लक्षात घ्या. इथियोपियावर चढाई केल्यावर १९३५ मध्ये राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध लादले, त्यानंतर स्वावलंबनाचा नारा आणि घरोघर चिकोरीसारख्या बदली कॉफ्या. अशा दिवसांत परक्या माणसासाठी डब्यातले दाणे काढणं म्हणजे केवढा पाहुणचार.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट. १८ डिसेंबर १९३५ ला सरकारने बायकांकडून लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या मागितल्या, देशासाठी. बदल्यात लोखंडी पोलादी कडी. राणी एलेनाने स्वतःची अंगठी आधी दिली. इटालियनमध्ये लग्नाच्या अंगठीला 'फेदे' म्हणतात आणि श्रद्धेलाही 'फेदे'च. आपल्याकडे कोणी मंगळसूत्रं मागितली असती तर काय झालं असतं याचा मी भांडी घासताना बराच वेळ विचार केला.

निळीशाईच्या प्रश्नावर: ती नवऱ्याबद्दल सांगते तो प्रसंग आठवा. नवऱ्याचं एका शिक्षिकेशी आहे, तिला चिठ्ठी सापडलीय. बाहेरख्यालीपणापेक्षा तिला लागलंय ते 'शिकलेली' हे. अडाणी बाईशी कसंही वागलं तरी चालतं, तिला कोण मान देतो, असं ती म्हणते. या बाईच्या हातात पुस्तक आलंय. ती ते सोडेल? माझं मत आईंना.

गॅलरीतला | मंगळवार, रात्री १२.४७

बरेच दिवस नुसता वाचक होतो. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

मी गाब्रिएलेच्या गावचा आहे, एवढं सांगितलं की पुरे. हा सिनेमा मी पहिल्यांदा विशीत पाहिला तेव्हा चिडलो होतो. वाटलं, शेवटी यालाही बाईच्या मिठीत घातलंच, 'सुधारला' म्हणून. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा त्यानंतरचं बोलणं ऐकू आलं. तो तिला प्रेमाने सांगतो, की छान होतं, पण त्याने काही बदलत नाही. ना त्याचं, ना तिचं. सिनेमा त्याला बरा करत नाही. त्या आधी जिन्यात तो ओरडून ओरडून स्वतःला शिवी घालून घेतो, रिकाम्या इमारतीला ऐकवतो, तो माझ्यासाठी सिनेमातला सगळ्यात अवघड क्षण आहे. कारण ऐकायला कोणीच नाही. आणि कोणी नाही म्हणूनच तो ओरडू शकतो.

कायद्याचं थोडं. इटलीच्या १९३० च्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांवर कलमच नव्हतं. मसुद्यात होतं, ते काढलं. आमच्या देशात हे एवढं नाहीच, मग कायद्यात लिहून कशाला कबूल करा, असा एकूण सूर. शिक्षा कलमाशिवायच व्हायची, 'कोन्फिनो' म्हणून. कोर्ट नाही, खटला नाही, एक प्रशासकीय समिती कागद काढते आणि तुम्हाला दूरच्या बेटावर किंवा खेड्यात नेऊन टाकतात. सिसिलीतल्या कातानियाहून १९३९ मध्ये अशी चाळीसएक माणसं सान दोमिनो बेटावर नेली होती. युद्धात उतरल्यावर १९४० मध्ये त्यांना परत घरी धाडलं. घरी म्हणजे त्याच गल्लीत, जिथे आता सगळ्यांना सगळं माहीत झालेलं.

आपल्याकडे उलटं. कलम १८६० पासून पुस्तकात होतं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल आला. त्या दिवशी मी ऑफिसात होतो. सगळे बातमीवर बोलत होते, मी एक्सेल शीट भरत होतो. रकान्यांची बेरीज तीनदा चुकली.

निळीशाई | मंगळवार, सकाळी ६.५०

गॅलरीतला, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने फक्त "परत वाच" म्हटलं. लिहीत राहा.

चहाबाज | मंगळवार, सकाळी ८.१५

+१. जड झालंय, म्हणून थोडी फोडणी.

सिनेमातली ती मोठी मुलगी आठवतेय? मारिया लुईसा. ते काम केलंय अलेस्सांद्रा मुसोलिनीने. हो, त्याच मुसोलिनीची नात. तिची आई म्हणजे सोफिया लॉरेनची सख्खी धाकटी बहीण, जिने मुसोलिनीच्या मुलाशी, रोमानो या जॅझ पियानोवादकाशी, १९६२ मध्ये लग्न केलं. म्हणजे पडद्यावर आजोबांच्या फोटोची वही करणारी बाई ही खऱ्या आयुष्यातली मावशी. ही नात पुढे १९९२ मध्ये खासदार झाली, आजोबांच्या वारसांच्याच पक्षातून.

दुसरी फोडणी. ती मैना. इटालियनमध्ये तिला 'मेर्लो इंदियानो' म्हणतात, म्हणजे 'हिंदुस्थानी' पाखरू. तेव्हा सिनेमात आपलं एक माणूस आहे.

बोरिवली_स्लो | मंगळवार, सकाळी ८.२२

आपलं माणूस, आणि पहिल्याच संधीला शेजारी पळालं. अगदी आपलं.

जुनाबाजार | मंगळवार, सकाळी ११.३०

पोरांचे गणवेश बघून आठवलं. सहा ते आठ वर्षांची 'लांडगीची लेकरं', आठ ते चौदा 'बालिल्ला', मग पुढची पायरी. या बालिल्ला संस्था बघायला नागपूरचे डॉ. मुंजे १९३१ मध्ये रोमला गेले होते. १९ मार्चला त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली, स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. त्याआधी १९२६ मध्ये रवींद्रनाथ टागोर इटलीत पाहुणे म्हणून राहून आले, आधी भारावले आणि बाहेर पडल्यावर जाहीर पत्र लिहून राजवटीवर टीका केली. दिपून जाणारे फक्त अंतोनिएत्ताच्या इमारतीत नव्हते.

डब्बाट्रंक | मंगळवार, सकाळी ११.४४

आला विषय. आता पन्नास प्रतिसाद यावर.

धागासंपादक | मंगळवार, दुपारी १२.०५

मुंजे-टागोर-मुसोलिनी यावर स्वतंत्र धागा काढावा, तिथे मनसोक्त भांडावं. इथले सात प्रतिसाद हलवले आहेत. इथे सिनेमा.

माणगावकर | मंगळवार, दुपारी ३.२०

संपादक, मीही थोडं बाहेरचं लिहितोय, पण हलवू नका ही विनंती.

आमच्या माणगावात तहसील कचेरीसमोर यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे. मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. १० जुलै १९४४ ला इटलीत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले जवळपास सगळे पडले तरी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. लहानपणी पुतळ्याखाली बसून एसटीची वाट बघायचो, पण 'इटली' म्हणजे नेमकं कुठे आणि तिथे आपल्या माणसाचं काय काम, हा प्रश्न कधी पडला नाही.

सिनेमात ती सगळी इमारत ज्या संचलनाला जाते, त्याचा हिशेब सहा वर्षांनी कोणाकोणाला चुकता करावा लागला, एवढंच मनात आलं. ती नदी तीच, पुढे रोमला येते.

तिबेरकाठची | मंगळवार, दुपारी ४.४५

माणगावकर, मोंतोने गावात २०२३ मध्ये घाडग्यांचं स्मारक झालंय, सूर्यघड्याळाच्या रूपात. पेरुजाकडे गेले तर फोटो टाकीन.

आणि संचलनाबद्दल. सगळं रोम गेलं असं सिनेमात दिसतं, पण पोप अकरावे पायस नेमके त्याच दिवसांत कास्तेल गान्दोल्फोला जाऊन राहिले आणि व्हॅटिकनची संग्रहालयं बंद ठेवली. हिटलर यायचा म्हणून ऑस्तिएन्से स्थानक घाईघाईने सजवलं, वाटेवर दिखाऊ सजावट उभी केली. त्यावर एक चारोळी रोमभर तोंडोतोंडी फिरली, त्रिलुस्सा या कवीच्या नावावर सांगतात. माझं ओबडधोबड मराठी (रंगारी म्हणजे हिटलर):

दगडाची रोम माझी, पुठ्ठ्याने मढवली,
रंगाऱ्याच्या स्वागताला वाकून उभी केली;
भिंती रंगवत आला, बघा त्याचा थाट,
उद्याचा धनी हाच, पाडा त्याची वाट.

(मूळ याहून आखूड आणि याहून झोंबरं आहे. 'पाडा त्याची वाट' माझ्या पदरचं.)

टॉर्चवाला | मंगळवार, रात्री ९.३०

स्कोलाचा जन्म १० मे १९३१ चा. म्हणजे सिनेमातल्या दिवशी त्याचा सातवा वाढदिवस चार दिवसांवर होता. अंतोनिएत्ताच्या धाकट्या पोरांच्या वयाचा. मला वाटतं म्हणून त्याने घरातल्या कोणालाच राक्षस केलं नाही.

बक्षिसांचं म्हणाल तर ऑस्करला मास्त्रोयान्नीला अभिनयाचं नामांकन मिळालं आणि परभाषिक चित्रपटाचंही, पण दोन्ही हुकली.

सातबारा | बुधवार, दुपारी १.१०

मूळ प्रश्नावर येतो, कारण कोणीच येत नाहीये.

हिशेब मांडला. सातवं मूल त्या रात्रीचंच धरलं तर फेब्रुवारी १९३९ च्या सुमारास. जून १९४० ला इटली युद्धात. १९ जुलै १९४३ ला सान लोरेन्झोवर बॉम्ब पडले, तो भाग या इमारतीपासून फार लांब नाही. सहा दिवसांनी मुसोलिनी पदावरून गेला. त्या चिकटवहीचं तिने काय केलं असेल? जाळली असेल तर शेकोटी पेटवायला आधी कुठला कागद घेतला? २ जून १९४६ ला राजा की प्रजासत्ताक यावर मतदान झालं, तेव्हा इटलीतल्या बायकांनी देशपातळीवर पहिल्यांदा मत दिलं. अंतोनिएत्ता रांगेत उभी असणारच.

मी म्हणतो पुस्तक वाचलं, पण १९४३ नंतर. त्याआधी फुरसत नाही. सात पोरं आणि रेशन.

कोथिंबीरवडी | बुधवार, दुपारी २.०५

सातबारा, बायकांना फुरसत मिळते तेव्हा वाचतात असं तुम्हाला वाटतं? दूध उतू जाईपर्यंतच्या वेळात वाचतात.

डब्बाट्रंक | बुधवार, दुपारी २.३०

पुन्हा पाहिला. या वेळी फक्त रेडिओ ऐकला. कंटाळवाणा हा शब्द मागे. पण माझं मत टॉर्चवाल्यांना: नाही वाचलं. वाचायला सुरुवात करते तेव्हा ती एकेक शब्द जुळवत जाते. तेवढ्या वेगाने ड्यूमाचा तो ठोकळा संपणार कधी?

निळीशाई | बुधवार, रात्री १०.१५

सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. मत मागितलं. तिने सातबारा यांचा १९४३ चा हिशेब निकालात काढला.

म्हणाली, "एवढ्या लांब कशाला जायचं? फेब्रुवारीत बाळंत झाली ना ती? सव्वा महिना कोण कामाला लावतंय तिला? पाळण्याची दोरी एका हातात, पुस्तक दुसऱ्या. मी तुझ्या वेळेला दोन कादंबऱ्या संपवल्या, त्यातली एक तर सासूबाईंनी पोथी समजून सोडली होती."

मी म्हटलं, आई, इटलीत सव्वा महिना नसतो.

"बाळंतीण असते ना?"

बोरिवली_स्लो | गुरुवार, सकाळी ९.०५

पाहिला शेवटी. दोन हप्त्यांत, जाताना आणि येताना. हेडफोन विसरलो होतो म्हणून आवाज बारीक ठेवला, तरी अंधेरीला शेजारच्या काकांनी विचारलं, "अहो, ही कसली मॅच चालू आहे?"